से. गायत्री

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण हरिणी हिच्याबाबतीत घडलेली. पटत नसेल तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ. शुक्रवार, दुपारचे तीन. कुंभकोणममधल्या एका भांड्यांच्या दुकानामागची खोली.

हरिणी तिथे भांड्यांवर नावं घालून द्यायची. यंत्र जुनं आणि हट्टी. त्याला अक्षरं कळत नाहीत, फक्त काळं-पांढरं चित्र कळतं. काळा ठिपका दिसला की टोचतं, पांढरा दिसला की सोडतं. म्हणून हरिणी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये नावं टाइप करायची, त्या फाइलचं चित्र करायची आणि ते यंत्राला द्यायची.

तिच्याआधी हे काम सेतुराम करायचे. छिन्नी-हातोडीने, चाळीस वर्षं. पोटी मूल नाही. यंत्र आलं आणि म्हातारा घरी बसला. जाताना हरिणीला म्हणाले होते, "तुज लेंकरूं झालें की नांव मीच घालीन. मिशनीस देऊं नको."

ती हसून हो म्हणाली. वर्षभरात ते वारले.

त्या दुपारी तिला सातवा महिना होता. यादीतली सहा नावं टाइप करून झाली आणि तिला राहवलं नाही. पोटातल्या बाळाचं नाव लिहू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी बाईसाहेबांनी सातवी ओळ लिहिलीच. तिला मुलगी हवी होती. इकडच्या रीतीने आधी वडिलांचं आद्याक्षर, मग नाव. नवरा वेंकटेश, म्हणून "वें. गायत्री".

चित्र उघडलं...

से. गायत्री.

तिला वाटलं, बोट चुकलं. फाइल पाहिली. फाइलमध्ये "वें."च होतं. पुन्हा चित्र केलं. फाँट बदलून केलं...

से.

वरची सहा नावं बिनचूक होती.

तिने चित्र मोठं करून पाहिलं. बाकीचे ठिपके चौकोनी, एका ओळीत. "से"चे मात्र वेडेवाकडे, लहान-मोठे. हाताने ठोकलेले.

 ती ओळ पुसायला गेली, तोच वीज गेली. पंखा थांबला. यंत्र बंद.

ठक...

ठक... ठक...

आवाज पाठीमागून येत होता. सेतुराम बसायचे त्या कोपऱ्यातून. तिथे कुणी नव्हतं.

आणि प्रत्येक ठोक्याला पोटातलं बाळ हलत होतं.

तिने दोन्ही हात पोटावर घट्ट धरले. "सेतुमामा, हें माझें लेंकरूं. तुम्हांस देणार नाहीं."

आवाज थांबला.

पोटातली हालचालही थांबली.

पाच मिनिटं. दहा. पंधरा. दुकानातल्या लोकांनी तिला रिक्षात घातलं. वेंकटेशला फोन गेला. बाळ हलेना. अर्ध्या वाटेत हरिणीचा धीर सुटला. हे तिने फक्त मलाच सांगितलंय. ती पुटपुटली, "बरें मामा. तुमचेंच म्हणा. पण जगूं द्या."

बाळाने लाथ मारली.

मुलगी झाली. गायत्री हे नाव घरात कुणी काढलं नाही. तिचं नाव लक्ष्मीप्रिया ठेवलं, दाखल्यावर आद्याक्षरही वेंकटेशचंच. पोर गुटगुटीत आहे, बडबडी आहे.

पण वेंकटेशला ती अप्पा नाही, मामा म्हणते. किती शिकवलं, तरी मामाच.

अप्पा ती कुणाला म्हणते, हे विचारायची हिंमत हरिणीला अजून झालेली नाही... मलाही नाही.