निवाऱ्यातली गेरूची ओळ

घोटा.

"सांडून राहिलं नं पाणी!" यशश्री धाकट्या भावावर ओरडली. "पाण्याने भरलेली नळी नीट धर!"

"धरली नं, दीदी!" अनुपम म्हणाला. "दोन्ही टोकांचं पाणी एकाच उंचीवर थांबतं. गवंडी असंच मोजतात!"

उन्हाळ्याची सुटी. नदीकाठचा ग्वारीघाट. आलोककाकांनी बांधलेल्या पूरनिवाऱ्याचं उद्या उद्घाटन!

पूर ओसरला की इथले नावाडी पायऱ्यांवर गेरूची ओळ ओढतात. गेल्या पुराच्या ओळीहून वीतभर उंच काकांनी निवाऱ्याची फरशी घातली होती.

गुडघा.

नावाड्याची मुलगी दीपा मान हलवत होती. "ये लाइन झूठी है."

"काहून?" यशश्रीने विचारलं.

"हमारे घर में पानी यहाँ तक था." तिने गळ्याला हात लावला. "दादी को खाट समेत उठाया था."

नळीचं एक टोक ओळीशी, दुसरं दीपाच्या दारात. पाणी उंबऱ्यापर्यंतही चढेना!

आत मात्र भिंतीवर चिखलाचा डाग. दीपाच्या गळ्याएवढा.

कंबर.

ओळ एकाच दगडावर. शेजारचे दगड कोरे. भोवती नवं सिमेंट.

"ठंड में मरम्मत हुई थी," दीपा म्हणाली. "सारे पत्थर उखाड़े थे."

"आणि हा आठ पायऱ्या खाली बसवला!" अनुपम पायऱ्या मोजून किंचाळला.

काकांनी ऐकूनच घेतलं नाही. "चलो, खेळ पुरे! उद्या मोठे लोक येऊन राहिले."

यशश्री एकदम गोड हसली. "बरं, काका. नळी धरून एक फोटो तरी?"

गळा.

काका निवाऱ्याच्या फरशीवर उभे. हातात नळीचं टोक. दुसरं टोक दीपाने घरातल्या डागाशी धरलेलं.

"पाणी थांबलं तिथं बोट ठेवा, काका!"

बोट छातीवर गेलं. वर सरकलं. गळ्याशी थांबलं.

फोटो कोणीच काढला नाही.

"इथं चाळीस घरं झोपणार होती," काका हळूच म्हणाले.

फरशीवर.

उद्घाटन रद्द झालं. काकांनी स्वतःच्या हाताने निवाऱ्याच्या भिंतीवर गेरूची ओळ ओढली, गळ्याएवढी. "शाबास रे पोरांनो! मी दगडाला विचारलं. दीपाला विचारायला हवं होतं."

आता ठरलं: गच्चीवर शेड, वर जायला रॅम्प. पावसाला तीन आठवडे. होईल?

दीपाची दादी दारातल्या खाटेवरूनच म्हणाली, "बच्चों ने अच्छा किया. पर ऊपर मेरी खाट जाएगी?"

काकांनी खिशातून टेप काढला. एक टोक दीपाच्या हातात दिलं आणि खाटेशी गुडघे टेकून रुंदी मोजू लागले.