साकु म्हणेपर्यंत

“अप्पा, इंजिनाला भूत लागतं का हो?”

प्रश्न संयोगिताचा नव्हता. दहावीच्या वर्गातल्या काव्या आणि निधीनं तो पैजेवर तिच्या गळ्यात घातला होता. विचारून दाखव, नाहीतर तू नुसती बोलघेवडी! वक्तृत्वाची ढाल मिळाल्यापासून संयोगिता कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हती. रविवारी दुपारी जेवण झाल्या झाल्या ती खाली आली आणि शेडच्या दारातूनच विचारून मोकळी झाली.

अप्पा हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. चिंधीनं एकेक बोट पुसत राहिले.

“इंजिनाला लागलं तर बेअरिंग लागतं,” ते म्हणाले. “भूत कुठलं आणलंस?”

जे. सी. रोडच्या मागच्या गल्लीत खाली पत्र्याची शेड, वर घर. समोरचा भंगारवाला रविवारीसुद्धा पत्रे ठोकत होता. शेडच्या मधोमध लोखंडी घोडीवर ते इंजिन होतं, मारतहळ्ळीच्या सुब्बारावांच्या जुन्या निळ्या गाडीचं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंग नवी, सगळं मापात. पण फिरायचं नाव घेईना. नव्यानं बांधलेलं इंजिन स्वल्प घट्ट असतं, हे संयोगितालाही ठाऊक होतं. हे मात्र घट्ट नव्हतं, अडलेलं होतं. अप्पांनी दोनदा उघडून बांधलं. बेअरिंगच्या टोप्या एकेक करून सैल केल्या. जिच्यामुळे इंजिन मोकळं होईल तीच चुकार, असा तो हिशेब. एकही तशी निघाली नाही. प्लग काढून ठेवलेले, त्यामुळे आत हवा कोंडण्याचाही प्रश्न नव्हता.

“उद्या सुब्बाराव टेम्पो पाठवतायत,” अप्पा म्हणाले. “नेऊ देत. इंजिनाचं काम मी बंद करतो. टायर आणि पंक्चर बघू. इंजिनाला दोन माणसं लागतात, एक पुढं, एक मागं. मागं धरायला आता कोण आहे?”

“मी आहे की!”

“तू पुढची. मागं धरणाऱ्याला गप्प बसता यावं लागतं गं.”

एवढं बोलून ते वर जाऊन आडवे झाले. संयोगिता तिथंच उभी राहिली. दहावीनंतर ऑटोमोबाइलचा डिप्लोमा आणि मग ही शेड, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. बोर्डसुद्धा ठरला होता: ‘रघुनंदन अँड डॉटर’. आणि उद्या एक टेम्पो येऊन तो सगळा बेत उचलून नेणार होता.

मागं धरायचे ते दोड्डप्पा, अप्पांचे थोरले भाऊ नागोजी. इंजिनाच्या मागच्या अंगाला मोठं दातेरी चाक असतं. त्याच्या दातात टॉमी, म्हणजे हातभर लोखंडी दांडा, अडकवून दोड्डप्पा बसायचे आणि पुढं अप्पा पान्यानं बोल्ट आवळायचे. दोघांच्या मध्ये इंजिन, एकमेकांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून शब्द ठरलेले. पुढून अप्पा “स्वल्प” म्हणाले की दोड्डप्पा एक दात सोडणार. “साकु”, म्हणजे पुरे, म्हणाले की टॉमी काढून “सरी”, म्हणजे बरं, म्हणणार. साकु ऐकल्याशिवाय सोडणार नाहीत, नाकाला खाज सुटली तरी. एकदा अप्पा मध्येच चहाला निघून गेले आणि परत येऊन बघतात, तर दोड्डप्पा घामाघूम होऊन तसेच धरून! या गोष्टीवर घरात कितीदा तरी हसणं झालं होतं. खांदा भरून यायचा त्यांचा. रात्री निलगिरीचं तेल चोळत बसायचे.

गेल्या श्रावणात याच इंजिनापाशी ते गेले. गिऱ्हाइकानं अप्पांना फाटकाशी बोलावलं होतं. अप्पा परत आले तेव्हा दोड्डप्पा बसलेलेच होते. मुठीतली टॉमी सोडवायला दोन माणसं लागली, असं आईनं सांगितलं होतं.

संयोगितानं आधी मागून पाहिलं. चाकाच्या दातांत चिंधी नाही, नट नाही, काही नाही. मग ती पुढं आली, पुढच्या पुलीच्या बोल्टवरच्या पान्याला लांब पाइप लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं.

अडलं.

लोखंड लोखंडाला अडतं तेव्हा हाताला ठक् लागतं. इथं तसं लागलं नाही. पाना आधी किंचित सरकला आणि मग हळूहळू थांबला. कुणी जोर लावून थांबवावं तसा. तिनं जोर वाढवला, समोरचाही वाढला. तिनं कमी केला, तोही कमी झाला.

समोरच्या भंगारवाल्याचं ठोकणं थांबलं होतं. शेडमध्ये रॉकेलच्या वासाखाली आणखी एक वास होता. बारीक, गार.

“कोण आहे मागं?” तिनं विचारलं. आपला आवाज तिला ढाल जिंकणाऱ्या मुलीचा वाटला नाही.

ती वाकून पाहणार होती. पाहिलं नाही.

पाना ताणून धरला आणि हळूच म्हणाली, “स्वल्प.”

एक दात.

“स्वल्प.”

आणखी एक दात.

पुली पूर्ण फिरेपर्यंत ती म्हणत राहिली आणि इंजिन एकेक दात फिरत राहिलं. आत कुठं घासलं नाही, खरखरलं नाही. अप्पांनी बांधलेल्यात काही चूक नव्हती.

शेवटी ती थांबली. पाना तिच्या हातात थरथरत होता. तिचे हात स्थिर होते. थरथर पलीकडून येत होती, खूप वेळ वजन धरलेल्या दंडाला सुटते तशी.

निलगिरीचा वास आता स्पष्ट येत होता.

‘साकु’ तिच्या ओठांवर आलं होतं.

तिनं ते गिळलं, पाना अलगद बोल्टवर तसाच राहू दिला आणि वर आली.

आई कॉफी गाळत होती. अप्पा नुकतेच उठून बसले होते.

“फिरलं, अप्पा! पूर्ण फिरलं.”

“एकटीनं फिरवलंस?” आई म्हणाली. “खोटं!”

अप्पांनी तिचा हात ओढून जवळ घेतला, बाही हुंगली आणि बराच वेळ हात सोडला नाही.

“संयू,” त्यांनी अगदी हळू विचारलं, “येताना साकु म्हणालीस ना?”

“नाही.”

खाली शेडमध्ये टॉमी दातावर घासल्यासारखा बारीक आवाज झाला आणि थांबला. आईच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

“म्हणणारही नाही,” संयोगिता म्हणाली. “टेम्पो नको म्हणून सुब्बारावांना कळवा. मी ठरवलंय, दहावीनंतर इंजिनाचंच काम शिकणार. मागं धरायला माणूस आहे.”