बोगद्यात बंद पडलेली टॅक्सी

"माझ्या भावाने माझ्या नवऱ्याच्या जिवाशी खेळ केला, असं मला पोलिसांत सांगायचंय. आज संध्याकाळच्या आत," ती म्हणाली आणि पुढे केलेल्या खुर्चीत न बसता तशीच उभी राहिली.

भाऊजी कप खाली ठेवायचं विसरले. वहिनी खासगी तपासाची कामं घ्यायच्या. त्यांचे हे धाकटे दीर त्यांची गाडी चालवायचे, सोबत हिंडायचे आणि सगळ्यांना कळून चुकल्यावर सगळं समजून घ्यायचे. आपली ट्यूब उशिरा पेटते, हे ते स्वतःच हसत सांगत. आज मात्र त्यांना हसू येईना.

"सांगायचंय, की कुणी सांगायला लावतंय?" वहिनींनी विचारलं.

"मामंजी. नाही सांगितलं, तर नवऱ्याच्या खाटेजवळ फिरकू देणार नाहीत मला."

तिचा नवरा टॅक्सी चालवायचा. गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र, बिघडला होता. तिचा भाऊ गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. त्याने नवा अल्टरनेटर बसवून संध्याकाळी गाडी आणून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा लांबच्या भाड्यावर निघाला आणि लांबलचक बोगद्यात गाडीचे दिवे विझले, इंजिन बंद पडलं. मागून ट्रक आला. नवरा अजून बेशुद्ध होता. भंगारातला माल नवा म्हणून बसवल्याच्या आरोपावरून भाऊ कोठडीत होता.

"वाटेतून फोन आला होता?"

"निघाल्यावर लगेच. म्हणाले, बॅटरीचा लाल दिवा लागलाय, पण तुझ्या भावाने काम केलंय ना, मग बघायला नको. वर घड्याळावर चिडले. गाडीतलं घड्याळ परत बारावर आलंय म्हणाले. आदल्या संध्याकाळी गाडी आल्याबरोबर त्यांनी ते माझ्यासमोर लावलं होतं. रेडिओची स्टेशनंसुद्धा. आम्ही एक चक्करही मारली."

"तेव्हा लाल दिवा?"

"नव्हता." तिचा आवाज फुटला. "दोघांपैकी कुणावर पाणी सोडू हो मी?"

कोठडीतल्या भावाचे डोळे सुजले होते. "माल नवा कोरा होता, बाई. आधी बॅटरीची तार काढली, मगच कामाला हात लावला. झाल्यावर मीटर लावून बघितला, चौदा व्होल्ट देत होता. आता उघडलाय तर आतले डायोड, म्हणजे बॅटरीकडे वीज सोडणारे भाग, जळलेले! पट्टा शाबूत, नट घट्ट. माझीच मती गुंग झालीय."

निघताना त्याने गज धरले. "ताईला सांगा, माझ्याविरुद्ध बोलून तिला त्याच्याजवळ बसायला मिळत असेल, तर खुशाल बोल म्हणावं."

"सांगतो," भाऊजी म्हणाले.

नवऱ्याचा धाकटा भाऊ घरीच सापडला. टॅक्सी विकून टाकावी म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं, हे त्याने आढेवेढे न घेता कबूल केलं. "म्हणून सख्ख्या भावाला मारीन का मी? सकाळी गाडी धुवून दिली मी त्याला. बॉनेट उघडंच होतं, आतही पाइप मारला असेल."

बाहेर येताच भाऊजींनी टाळी वाजवली. "सापडला! पाणी गेलं आणि यंत्र जळलं!"

"आणि पाण्याने घड्याळ बारावर आणलं?" वहिनी म्हणाल्या. "शिवाय बॉनेट आधीच उघडं होतं. ते कुणी उघडलं, भाऊजी?"

भाऊजींनी गाडी सुरू केली.

इस्पितळाच्या बाकावर सासरे ताठ बसले होते. हयात बस चालवण्यात गेलेली. घाम पुसायला त्यांनी रुमाल ओढला, तशी खिशातून एक वस्तू खणकन खाली पडली. भाऊजींनी उचलली. दहा नंबरचा पाना होता.

"सवय आहे," म्हातारा गुरगुरला. "माझी गाडी कधी वाटेत आडवी झाली नाही. काल पोरगा निघायच्या आधी मी स्वतः तपासली. इंजिन चालू होतं ते चालूच राहिलं, साधा आचकासुद्धा दिला नाही! आणि त्या भामट्याचा माल अर्ध्या वाटेत मेला."

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. सून आणि धाकटा मुलगा समोर उभे होते.

"काका, यंत्र वाटेत मेलं नाही. संध्याकाळी चक्कर मारली तेव्हा लाल दिवा नव्हता, सकाळी निघाल्याबरोबर लागला. म्हणजे ते घरीच मेलं. बोगद्यापर्यंत गाडी नुसत्या बॅटरीवर गेली. संध्याकाळी लावलेलं घड्याळ सकाळी बारावर होतं. बॅटरीची तार काढली की ते तसं होतं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी दहा नंबरच्या पान्याने तार काढून परत लावली."

"तार काढून डायोड जळतात?" धाकट्याने विचारलं.

"इंजिन बंद असेल तर नाही. पण चालत्या इंजिनवर काढली, तर तयार होणाऱ्या विजेला जायला जागा उरत नाही. व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड अधू होतात. इंजिन तेव्हा चालत राहतं, पण पुढच्या वेळी सुरू केलं की ते जळून जातात." वहिनींचा आवाज खाली आला. "इंजिन चालूच राहिलं, असं तुम्ही म्हणालात, काका. ते बंद पडेल असं तुम्हाला का वाटलं होतं?"

"का म्हणजे? तार काढल्यावर बंद पडलं, तर यंत्र खराब. चालत राहिलं, तर ठणठणीत. मग किल्लीने बंद करायचं आणि तार परत लावायची. आमच्या बसला अल्टरनेटरच्या आधीचा जुना डायनॅमो असायचा, तेव्हापासून मी असंच तपासतो..."

म्हातारा बोलता बोलता थांबला. भाऊजींची ट्यूब आज त्याच क्षणी पेटली आणि त्यांनी हातातला पाना बाकावर ठेवला.

"मी न तपासता सोडला असता, तर पोचला असता तो?" म्हाताऱ्याने विचारलं.

वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

सून जागची हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो लपवायची ताकदही तिच्यात उरली नव्हती. मग ती म्हणाली, "मामंजी, माझ्या भावाला सोडवून आणायचंय. चला."

म्हातारा भिंतीला धरून उठला. काचेपलीकडच्या खाटेकडे बघत राहिला.

"तू बस त्याच्याजवळ. पोलिसांकडे मी जातो," तो म्हणाला. "तो शुद्धीवर आला, तर त्याला मीच सांगेन. मला शिव्या घालायला तरी त्याने डोळे उघडावेत गं."