रांगणारी

मोहर्लीच्या आमच्या वाघमोजणीच्या कचेरीत त्या दुपारी माझ्याकडे अगदी रुक्ष काम होतं. कॅमेऱ्यांतले फोटो डिस्कवर ठेवून शोधले तर लवकर सापडतात, की कॉम्प्युटरच्या मेमरीत चढवून, एवढंच तपासायचं. मेमरीतलं झटकन सापडतं, पण वीज गेली की पुसलं जातं. डिस्कवरचं सावकाश सापडतं, पण राहतं.

राहतं, हेच तर माझं दुखणं होतं. जंगलात कॅमेरा बांधला की त्याच्यापुढून कुणीतरी वाघासारखं रांगत जायचं, म्हणजे फोटो नीट निघतो की नाही ते कळतं. हे काम दिव्यानीचं, लोकेशच्या पहिल्या बायकोचं. त्यामुळे प्रत्येक कॅमेऱ्याचा पहिला फोटो तिचा. हातापायांवर रांगणारी, हसणारी, केस मातीत. पुढे तिला वाघानं नेलं. लोकेशनं माझ्याशी लग्न केलं, पण रोज जेवण झालं की तो हेच फोटो उघडून बसायचा. जिवंत सवतीशी भांडता येतं हो, मेलेलीचं काय करायचं? माझा नुसता जळफळाट व्हायचा.

लोकेश कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या बदलायला जंगलात गेला होता. मी तिचे सगळे फोटो मेमरीत चढवले आणि डिस्कवरचे पुसून टाकले. मग भिंतीवरचं बटण बंद केलं. पंखा घरघरत थांबला. परत बटण लावून शोधलं तर फोटो शून्य. इतकं हलकं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

आमचे म्हातारे वाटाडे नानाजी चहा घेऊन आले. रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिले.

"दिव्यानीबाई कुठी गेली?"

"गेली एकदाची."

त्यांनी कप हळूच खाली ठेवला. "वाघानं नेलेलं माणूस वाघाच्या पुढं चालते, बाई. त्याले आपलं घर दाखवते. ते फोटोत रमली होती, तं बरं होतं... तिले काऊन हाकललं?"

मी हसले. म्हाताऱ्याला दाखवायला म्हणून पुन्हा शोध लावला. डिस्कवर शून्य. मेमरीत एक.

बटण परत लावल्यापासून मेमरीत तर मी काहीच चढवलं नव्हतं. फोटो आजचा होता. कॅमेऱ्यापुढून लोकेश रांगत होता, लोकेश, जो कधीच रांगत नसे. मान वळवून तो शेजारी पाहत होता आणि तोंडभर हसत होता. शेजारी कुणी नव्हतं, फक्त गवत दबलेलं. आणि त्या कॅमेऱ्यातलं, फोटो साठवणारं कार्ड अजून जंगलातच होतं.

खोटं कशाला सांगू, मला आधी भीती नाही वाटली. माझ्याकडे पाहून तो असा कधी हसला, तेच मी आठवत बसले.

दिवेलागणीला लोकेश आला. गुडघे, तळवे चिखलानं भरलेले. दारातच तो बाजूला सरकला, आधी कुणाला तरी आत येऊ दिलं. फरशीवर थप... थप... असा मऊ आवाज माझ्याजवळून गेला. ओल्या केसांचा वास आला.

लोकेशनं माझी खुर्ची पुढे ओढली.

"बस," तो म्हणाला. मला नाही.

"लोकेश... दार लाव ना."

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "तिच्या मागून येऊन राह्यला तो."