परत आलेल्याचं नाव

“नाव?” केसपेपरवरून मान वर न करता त्याने विचारलं.

“अनुजा.”

“कबुतराचं.”

परळच्या त्या पक्ष्यांच्या दवाखान्यात मी ओशाळून मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं. आतलं पिल्लू मान वाकडी करून थरथरत होतं. त्याला नाव नव्हतं. आमच्या लालबागच्या गच्चीवर अण्णांची, माझ्या वडिलांची, कबुतरांची ढाबळ होती. तिथला नियम असा, की लांब नेऊन सोडलेलं कबुतर घरी परतलं, की मगच त्याला नाव.

“आणि नाही परतलं तर?”

“तर... अण्णा वाट बघतात.”

तेव्हा त्याने मान वर केली. डोळे दमलेले, पण हसरे. खिशावर नाव होतं, शंतनु. मी मात्र डॉक्टरच म्हणत राहिले.

पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. तरी मी जात राहिले — कधी दाण्यांबद्दल विचारायला, कधी काहीच विचारायला नाही. तो चहा बशीत ओतून प्यायचा. मी हसले, की म्हणायचा, “पेशंट सुधारतोय.”

मग पिल्लाच्या रक्ताचा रिपोर्ट आला. शिसं. तो आमच्या गच्चीवर आला, ढाबळीच्या फळीवरून त्याने नख फिरवलं. नखाखाली शिशाच्या रंगाचा शेंदरी पापुद्रा निघाला. तीन वर्षांपूर्वी अण्णांनी रे रोडवरून जहाजांचा उरलासुरला रंग आणला होता, फळ्या कुजू नयेत म्हणून. दरवर्षी पिल्लं निघायच्या आधी ते नवा हात द्यायचे. पिल्लं पापुद्रे टिपायची. मोठी होऊन देखणी दिसायची, पण वाट ओळखणारं आत जे काही असतं, ते पहिल्या काही आठवड्यांतच बिघडलेलं असायचं.

“रंग काढला तर?”

“पुढच्यांना उपयोग होईल. यांना नाही.”

तीन वर्षांत एकालाही नाव मिळालं नव्हतं. शीव कोळीवाड्याचा गौतमही कबुतरं पाळायचा; तोच आपली कबुतरं वाटेत धरून ठेवतो, असं अण्णांना वाटायचं. अंथरुणाला खिळल्यावरही रोज संध्याकाळी विचारायचे, “आलं का गं एखादं?”

“अण्णांना सांगू नका,” मी म्हटलं. “आणि एक कबुतर... आणाल? कुणाचंही. आलं म्हणून सांगू.”

“मला खोटं बोलता येत नाही, अनुजा.”

“माझ्यासाठी?”

तो कितीतरी वेळ कठड्यावरची धूळ बोटाने पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक करडं कबुतर अण्णांच्या हातात दिलं. आलं बघा, मी म्हटलं. अण्णांनी पंख उलगडून पाहिला, डोळा पाहिला.

“गौतमचं आहे हे. त्याने आपणहून दिलं?” मग पंख मिटवत, “आपलं पाखरू देणारा माझी कशाला धरेल? म्हणजे तो धरत नव्हता. मग माझी कुठं जातात, डॉक्टर?”

मी त्याला डोळ्यांनीच नको म्हटलं. पण गप्प राहणंही त्याला धड जमलं नाही; त्याची नजर अण्णांच्या हातांकडे गेली.

अण्णांनी स्वतःचे तळवे पाहिले. “मी लावलेला रंग?”

त्याने मान खाली घातली.

“हे सोडून दे,” अण्णा मला म्हणाले. “त्याची वाट बघत असेल कुणीतरी.”

गच्चीवरून ते कबुतर एक फेरी मारून सरळ शीवच्या दिशेने गेलं. इतकं सरळ... मला बघवलं नाही.

“तुम्हीही जा,” मी म्हटलं. तो गेला.

नऊ दिवसांनी अण्णा गेले. त्या नऊ दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, आलं का म्हणून.

तेरावं झालं त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. रंग खरवडायला हातात पत्रा घेऊन तो गच्चीच्या दारात उभा होता.

“जा म्हणाला होतात,” तो म्हणाला. “गेलो. पण पाय इकडचीच वाट धरतात.”

“शंतनु,” मी म्हटलं.

तीन वर्षांनी त्या गच्चीवर कुणाला तरी नाव मिळालं. मागे ढाबळीत उरलेली सात कबुतरं घुमत होती, बिननावाची. त्यांना आता मी कधीच सोडणार नाही.