तीन थर चिरा

वादळाचा इशारा देणारी गाडी भोंगा वाजवत तिसऱ्यांदा गेली, तरी मालनवहिनी चुलीपुढून हलल्या नाहीत, आणि दारात उभा असलेला त्यांचा धाकटा दीर रघू उंबरठा ओलांडेना... चार वर्षांचा अबोला असा एका पावलात थोडाच संपतो!

दाभोळच्या खाडीकाठची ती सखल आळी. हाकेच्या अंतरावर राहूनही वहिनी रघूच्या वास्तुशांतीला, श्रावणी पौर्णिमेला, आल्या नाहीत. विधवेला दिराचं सुख पाहवलं नाही, असं लोक म्हणाले. आणि लहानपणी त्यांच्याच हातचा घास खाल्लेल्या रघूनं ते खरं मानलं. गैरसमजाला लागतं तरी काय, चार पाहुणे आणि एक रिकामा पाट!

सरकारी माणसांनाही वहिनींनी दाद दिली नाही, तेव्हा नाइलाजानं तो आत शिरला आणि चौकटीशी थबकला. घरात पाणी आलं की कोळशानं चौकटीवर रेघ ओढून तिथी लिहायची, ही त्यांच्या घराण्याची पिढीजात रीत. सर्वांत वरच्या रेघेपाशी लिहिलं होतं, श्रावण पौर्णिमा. साल त्याच्या वास्तुशांतीचं.

"त्या दिवशी घरात पानी व्हता, वयनी?"

"उधाण व्हता. तुला कळला असता तर पूजेवरनं उठून आला असतास."

रघू गवंडी. त्याची नजर आपसूक जोत्याकडे गेली. दोनच थर! आजवर त्यानं ते कधी मोजलेच नव्हते. भाऊ गेल्यावर हे घर उभं राहिलं तेव्हा तो मुंबईत कामावर होता. भावानं जोत्यासाठी पाच थरांचा चिरा आणून ठेवला होता, आणि 'उरलाय, ने' म्हणून वहिनींनी त्यातूनच रघूला त्याच्या घराचं जोतं उंच करायला दिला होता. उरलेला नव्हताच तो...

"तीन थर मला दिलेस, नि सवता पान्यात बसलीस?"

"तुजी पोर रांगत व्हती तवा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "माज्या घरात कोन रांगनार व्हता?"

रघूचे डोळे भरून आले. भिंती चढल्यावर जोतं वाढवता येत नाही, हे गवंड्याला कोणी सांगायला नको.

"तुजा जोता आता वर यायचा नाय," तो म्हणाला. "तूच वर चल."

संध्याकाळच्या आत खाडी चौकटीला लागली. त्याआधीच वहिनी रघूच्या ओट्याच्या पायऱ्या चढल्या होत्या, पहिल्यांदाच, प्रत्येक चिऱ्याला हात लावत. रघूची बायको दर्शना दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. वास्तुशांतीला धुवायचे राहून गेलेले पाय तिनं आज धुतले.