ओल्यात घसरेल

"मिस्त्री कुठायत?"

दारातल्या माणसाने विचारलं तेव्हा ती एका वाकड्या चाकाचा आउट काढत, ते सरळ करत होती. एका हातात पाना, दुसऱ्या हाताचं बोट फिरत्या रिमला टेकवलेलं, कोपरापर्यंत ग्रीस. आणि तरीही प्रश्न हाच! नऊ वर्षं ती हा प्रश्न ऐकत होती. बाई पाना धरून बसली असली तरी लोकांना मिस्त्री तिच्या मागच्या भिंतीत शोधायचा असतो.

"दिसत नाहीयेत का?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही ना. तुम्हीच आहात फक्त."

"मग जरा नीट बघा."

त्याने नीट बघितलं. पाना बघितला, ग्रीस बघितलं, मग तिच्याकडे बघितलं — आणि त्याचे कान असे काही लाल झाले की तिचा निम्मा राग तिथल्या तिथे उतरला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. केसांतून पावसाचं पाणी निथळत होतं. "पण बाहेर पाटीवर 'मिस्त्री अँड सन्स' लिहिलंय. तुम्ही त्यातले कितवे?"

कोपऱ्यात स्टुलावर पेपर वाचणारे बाबा फिस्सकन हसले. पाटी त्यांनीच लावली होती, तिच्या जन्माच्या आधी, मोठ्या आशेने. सन्स काही झाले नाहीत. झाली ती एकटी, आणि चौथीत असताना पंक्चर काढायला शिकली.

"थोरला मीच," ती म्हणाली. "आणि धाकटाही मीच. सायकल आत घ्या."

पुढचं चाक पंक्चर होतं. पण तिची नजर पंक्चरवर ठरेचना. डोंगरातली सायकल होती ती, आणि तिच्या चाकांना अंगठ्याएवढ्या दातांचे जाडजूड टायर.

"डोंगरावर राहता?"

"नाही. पुलापलीकडे."

"डोंगरावर कामाला जाता?"

"मंडईमागे. पाट्या रंगवतो. पेंटर आहे."

"मग ही ट्रॅक्टरची चाकं कुणाच्या शेतासाठी? डांबरावर हे दात नुसते वळवळतात. निम्मा जीव खातात तुमचा. शहरात गुळगुळीत टायर घालतात. घालून बघा, कुणी मागून ढकलतंय असं वाटेल."

"विकायचंय म्हणून सांगताय ना?"

"विकायचं असतं तर गोड बोलले असते."

तो हसला. हसताना डावा डोळा जरा जास्त मिटायचा त्याचा. असलं काही बघायचं नसतं, पण तिने बघितलं.

"आमच्याकडे सगळे गोडच बोलतात," तो म्हणाला. "अक्षर वाकडं गेलं तरी म्हणतात, वा, काय वळण आहे! वाकड्याला वाकडं म्हणणारं कुणीतरी भेटलं एकदाचं."

तो गेला आणि मागे त्याचा आवाज राहिला. म्हणजे टायरचा. डांबरावर त्या दातांचा एक घुमारा उठायचा — भुंऽऽऽ — दूरवर जाईपर्यंत. तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं. भुंगा.

मग रोज सकाळी नऊला वीस कमी असताना कोपऱ्यावरून तो घुमारा यायला लागला. तिला वर बघावं लागत नसे. आवाज आला की ती हवेचं मशीन बंद करायची. बाबा पेपरच्या आडून म्हणायचे, "मशीन बिघडलं का गं? रोज याच वेळी बिघडतं."

"तुम्ही पेपर वाचा, बाबा."

"वाचतोय की. मोठी बातमी आहे आज."

भुंगा कधी नुसता हात करून जायचा, कधी थांबायचा. कधी ब्रेक आवळून घ्यायला, कधी चेन बघायला, कधी चक्क काहीच नसताना. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

"कालव्याच्या रस्त्याने गेलास तर एक किलोमीटर वाचेल तुझा," एकदा ती म्हणाली.

"माहितेय."

"मग?"

"तिकडे मिस्त्री नाही ना..." तो म्हणाला, आणि पेडल मारून पसार झाला. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाइकाच्या सायकलला मागचं चाक पुढे बसवलं.

त्याला एक मोठं काम मिळालं होतं. नव्या वाचनालयाची दर्शनी भिंत, तीन मजली. वरपासून खालपर्यंत अक्षरंच अक्षरं, सगळी हाताने काढायची. बोलताना त्याचा उजवा हात हवेत गोलाई काढत राहायचा. "दहा वर्षं मी 'येथे थुंकू नये' रंगवलंय," तो म्हणाला. "आता एक अशी भिंत, की लोक थांबून वर बघतील."

एका ढगाळ दुपारी तो ब्रश, पातं आणि पॉलिश कागद घेऊन आला, शिडीवर चढला आणि पाटीवरचं 'सन्स' खरवडून काढलं. त्या जागी काय लिहायचं ते तो सांगेना.

"पाऊस थांबला की लिहितो. ओल्यात रंग धरत नाही."

"निदान सांग तरी."

"पाटी वाचायची असते, मिस्त्री. ऐकायची नसते."

खाली उतरून, हात पुसत तो भिंतीवर टांगलेल्या टायरांकडे वळला. "आणि हे बघ, ठरवलंय मी. गुळगुळीत टायर. कुठलं घेऊ? एकदम सपाट, की हे तीन बारीक रेघांचं?"

"रेघांचं," ती म्हणाली. टायर खाली काढलंसुद्धा. हातात घेतलं आणि तिच्या मनात आलं, आता आवाज नाही येणार.

सकाळी नऊला वीस कमी असताना काहीच ऐकू येणार नाही. टायर गुळगुळीत झालं, सायकल हलकी झाली, तक्रार संपली, की हा थांबणार कशाला? गुपचूप निघून जाईल समोरून, आपण खाली मान घालून चाक फिरवत बसू...

"एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "आमच्या वर्कशॉपमधला एक जण म्हणतो, गुळगुळीत टायर ओल्यात घसरतं. खरं आहे का?"

हा प्रश्न तिला शंभर जणांनी विचारला होता. शंभर वेळा तिने पुठ्ठ्यावर चित्र काढून समजावलं होतं. सायकल काही मोटारीच्या वेगाने जात नाही, पाण्यावर तरंगत नाही. ओल्या डांबरावर जितकं रबर टेकेल तितकी पकड. घसरतात ते हे दात. वळणावर ते वाकतात आणि सायकल अंगाखालून निघून जाते. हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "घसरेल. पाऊस संपू दे, मग घालू."

प्रेमात माणूस आंधळा होतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या दुकानात येऊन बसावं. तिला लख्ख दिसत होतं. बाबांनासुद्धा दिसलं. त्यांनी पेपर खाली केला, तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा वर केला. बोलले नाहीत. त्यांनी तरी बोलायला हवं होतं! पण चूक झाली की माणूस आपल्या वाट्याची थोडी दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोच.

"तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार," भुंगा म्हणाला, आणि गेला. भुंऽऽऽ.

चार सकाळी आवाज आला. पाचवीला आला नाही. सहावीलाही नाही. ती दिवसभर मशीन चालू-बंद करत राहिली.

नवव्या दिवशी तो पायी आला, डाव्या हाताने सायकल ढकलत. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. आणि चेहऱ्यावर तेच हसू. ते तिला सहन झालं नाही.

"अगं, घाबरू नको. पुलाच्या वळणावर आडवा झालो. मनगट दोन ठिकाणी. माझीच चूक, पावसात घाई केली."

"भिंत?" तिने विचारलं.

"ती दिली त्यांनी दुसऱ्याला. दोन महिने कोण थांबणार? देऊ दे. भिंती काय, खूप आहेत जगात." हे तो सायकलच्या सीटकडे बघून बोलला. मग म्हणाला, "बरं झालं, तुझं ऐकून गुळगुळीत टायर घातलं नाही. नाहीतर मानच मोडली असती."

आता बघा. इथे गप्प बसणं किती सोपं होतं! तो स्वतःलाच दोष देत होता, वर तिचे आभारही मानत होता. नुसती 'हं' म्हणाली असती, तर पाऊस संपला असता, पाटी रंगली असती, सगळं गोड झालं असतं. पण आयुष्यभर त्याच्या शेजारी बसून ते वाकडं मनगट बघायचं, आणि तो 'मीच घाई केली' म्हणाला की मान डोलवायची? इतका निगरगट्टपणा तिच्याकडे नव्हता.

"घातलं असतंस तर पडला नसतास," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"ओल्यात गुळगुळीत टायर घसरत नाही. हे घसरतं. मला माहीत होतं. तेव्हाही."

दुकानात फक्त एक चाक स्टँडवर टिकटिक करत फिरत होतं. तेही थांबलं.

"मग... का?"

"तुझं टायर वाजतं. लांबून कळतं तू येतोयस. ते गेलं असतं तर..." तिने हातातला पाना खाली ठेवला. "तू आवडतोस मला. हे सांगायचं सोडून मी ते सांगितलं."

कबुली असं म्हणतात याला. ही ऐकायला तो किती दिवस लांबच्या रस्त्याने येत होता, आणि ही अशी आली, मोडक्या हातावरून!

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने सायकल भिंतीला टेकवली. आवाज अगदी हळू होता.

"सगळं जग माझ्याशी गोड बोलायचं. तू एकटी खरं बोलायचीस. त्याच्यासाठी यायचो गं मी..."

यायचो. ती तो शब्द ऐकून तिथेच उभी राहिली.

"टायर बदलून ठेव," दारातून तो म्हणाला. "हात सुटला की नेईन."

त्याच संध्याकाळी तिने टायर बदलले, तीन बारीक रेघांचे. दोन्ही चाकांचा आउट काढला, केसाएवढाही ठेवला नाही. मग दोन महिने सायकल भिंतीला टेकून राहिली. पाऊस थांबला. पाटीवर 'मिस्त्री अँड' एवढंच होतं, पुढे खरवडलेलं लाकूड. येणारी-जाणारी माणसं विचारायची, "अँड कोण?" ती म्हणायची, "हवा भरायचीय का?"

तो आला तेव्हा ती समोरच होती. हातात पाना, कोपरापर्यंत ग्रीस. मनगट बारीक झालं होतं त्याचं, बोटं आखडलेली. त्याने तिच्याकडे बघितलं, मग मान वळवून कोपऱ्यातल्या बाबांना विचारलं,

"सायकल झालीय का?"

तिला नऊ वर्षांत कुणी असं मारलं नव्हतं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "मिस्त्रीला विचारा," ते म्हणाले. पण तोवर त्याने सायकल बाहेर काढली होती. तो पुढे गेला आणि कसलाच आवाज झाला नाही.

आजही नऊला वीस कमी असताना ती मशीन बंद करते. काही ऐकू येत नाही. बाबा आता चेष्टा करत नाहीत.

परवा ती दाराच्या अलीकडचा, पुलाकडच्या बाजूचा रस्ता धुऊन आत कापड आणायला गेली. बाहेर आली तर ओल्या डांबराच्या पुढे, कोरड्यावर, चाकांच्या खुणा उमटलेल्या. तीन बारीक रेघा. ती गुडघ्यावर बसली. सायकल वेगात गेली की मागचं चाक पुढच्याच्या खुणेवरून जातं, एकच सरळ रेघ दिसते. सायकल हळू झाली की तोल सावरताना हँडल डुलतं, आणि दोन खुणा वेण्यासारख्या एकमेकींत गुंततात.

दुकानाच्या दारासमोर खुणा गुंतल्या होत्या. चांगल्या चार हात. मग पुन्हा एक रेघ, सरळ, मंडईच्या दिशेने.

कालव्याचा रस्ता एक किलोमीटरने जवळ आहे. त्याला माहीत आहे.

ऊन वर आलं होतं. ती त्या खुणांपाशी बसून राहिली, त्या वाळून दिसेनाशा होईपर्यंत. कापड आणायला आपण नेमके तेव्हाच का गेलो, याचा राग तिला कुणावर काढावा ते कळेना.